टर्मिनल एडिटरमध्ये मराठी विसकटतं, कर्सर भलतीकडे बसतो: काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

नवा टर्मिनल एडिटर (कमांड टाइप करायच्या खिडकीतच चालणारा लिहायचा प्रोग्राम) दिसला की तो लावून बघितल्याशिवाय मला राहवत नाही. नॅनोवर शिकलो, विमवर बरीच वर्षं काढली, मग मायक्रो, काकून आणि आता हेलिक्स. गरज म्हणून नाही, हौस म्हणून. शनिवारी संध्याकाळी चहा घेऊन बसायचं, एडिटर उतरवायचा आणि त्याच्या कळा शिकायच्या, यात मला खरोखर आनंद मिळतो. लावल्या लावल्या मी नेहमी तीन शब्द टाइप करतो: मराठी, स्त्री, वाऱ्यावर. या तीन शब्दांवर एडिटरचं आणि टर्मिनलचं एकमेकांशी किती पटतं ते कळतं.

बहुतेक वेळा पटत नाही. मित्रांना मी एडिटर सुचवतो, ते लावतात, मराठी फाइल उघडतात आणि त्यांचा फोन येतो. तोच बिघाड, दरवेळी थोडा वेगळा दिसणारा. तो शोधायचा माझा क्रम आता ठरून गेला आहे. आधी फुकट आणि मिनिटभरात होणारं, मग थोडी खटपट, आणि टर्मिनल बदलणं सगळ्यात शेवटी. कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती नेहमीसारखी रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करा.

लक्षणं

यातलं तुमचं नेमकं कोणतं ते आधी ठरवा, कारण प्रत्येकाचा संशयित वेगळा आहे.

- अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी, किंवा आत बारीक आकडे असलेल्या चौकटी: फॉन्ट नाही.
- साधी प्रश्नचिन्हं, ओळीभर: लोकेल (भाषा आणि अक्षरपद्धती ठरवणारी सेटिंग) चुकलंय.
- काळ्या चौकोनात किंवा शंकरपाळ्यात प्रश्नचिन्ह: बाइट मोडलेत, किंवा भलत्याच पद्धतीने वाचले जाताहेत.
- टोपी घातलेली, रेघा मारलेली युरोपीय अक्षरं, आणि मध्ये मध्ये येनची खूण: युटीएफ-८ (युनिकोड अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) मजकूर लॅटिन समजून वाचला जातोय.
- जोडाक्षर जुळत नाही, हलन्त उघडा दिसतो, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, मात्रेखाली ठिपक्यांचं वर्तुळ येतं: टर्मिनल अक्षरं जुळवत नाही.
- मजकूर वाचता येतो, पण कर्सर दिसतो एका अक्षरावर आणि खोडलं जातं दुसरंच. ओळीच्या शेवटी जुनी अक्षरं उरतात. ओळ जितकी लांब तितका फरक जास्त: रुंदी मोजण्यात मतभेद.
- मराठी कीबोर्ड चालू असताना एडिटर कोणतीच कमांड ऐकत नाही.
- शब्द डोळ्यांसमोर आहे, पण शोधून सापडत नाही.

काहीही करण्याआधी: सेव्ह करू नका

हे मी सगळ्यात वर लिहितोय कारण यात खरं नुकसान झालेलं पाहिलं आहे. एक मैत्रीण तिच्या गावच्या वाचनालयाची पुस्तकयादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवते. मी तिला हौसेने नवा एडिटर लावून दिला. तिने यादी उघडली, तर ‘मराठी’मधली दुसरी वेलांटी ‘ठ’पासून सुटून शेजारच्या घरात एकटीच उभी दिसली. तिला वाटलं, जादा काहीतरी टाइप झालंय. तिने ती खोडली. पडदा सरळ दिसायला लागला. मग पुढच्या ओळीतली खोडली, त्याच्या पुढचीही, आणि सेव्ह केलं. दुसऱ्या दिवशी वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर यादी उघडली तेव्हा तिथे ‘मराठ’ होतं, ‘कादंबर’ होतं, ‘चरित्र’ मात्र शाबूत होतं, कारण त्यात शेवटी सुटायला वेलांटीच नव्हती. तिचा संध्याकाळभराचा वेळ पेनड्राइव्हवरच्या जुन्या प्रतीशी ओळी ताडून बघण्यात गेला.

मला या सगळ्यात सांगायचं ते हेच आहे: मराठी विसकटलेलं दिसतं तेव्हा फाइल बहुतेक वेळा बरोबर असते. चूक पडद्यावर असते. पडदा सरळ करण्यासाठी मजकुराला हात लावला की बरोबर असलेली फाइल खरोखर बिघडते. म्हणून एडिटरमधून सेव्ह न करता बाहेर पडा (हेलिक्स आणि विममध्ये एस्केप, मग विसर्गचिन्ह म्हणजे इंग्रजी कोलन, क्यू आणि उद्गारचिन्ह), ‘सीपी’ने फाइलची एक प्रत करा आणि पुढचं सगळं त्या प्रतीवर करा.

कीबोर्ड कोणत्या भाषेत आहे?

सर्वांत स्वस्त तपासणी, आणि ‘एडिटर अडकला’ म्हणून आलेल्या बऱ्याच फोनचं उत्तर इथेच असतं. हेलिक्स, विम, काकून हे एडिटर दोन अवस्थांत चालतात: एकीत कळा म्हणजे हुकूम, दुसरीत कळा म्हणजे अक्षरं. इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू असेल तर आयच्या कळेवर ‘ग’ आहे. म्हणजे तुम्ही ‘लिहायला सुरुवात’ असा हुकूम देता आणि एडिटरला ‘ग’ ऐकू येतं. कर्सर हलवायच्या एच, जे, के, एल या चार कळा प, र, क, त होतात. खोडायची डी म्हणजे हलन्त. यातलं एडिटरला काहीच कळत नाही, तो गप्प बसतो.

इंग्रजी कीबोर्डवर या आणि बघा. चाललं तर बिघाड नव्हताच. पुढे सवय अशी लावा: लिहून झालं की आधी एस्केप, लगेच भाषा बदलायची कळ. उच्चारानुसार टाइप करायची पद्धत वापरत असाल, तर पहिला एस्केप बऱ्याचदा सुचवलेल्या शब्दांची यादी बंद करण्यातच खर्ची पडतो. एडिटरपर्यंत पोहोचतो तो दुसरा. विममध्ये ‘लँगमॅप’ नावाची सोय आहे, तिने हुकुमांच्या अवस्थेत मराठी कळांना इंग्रजी कळांचा अर्थ देता येतो. रोज मराठीच लिहिणाऱ्याने ती एकदा बसून लावून घ्यावी.

मायक्रो आणि नॅनो यांना अशा दोन अवस्था नाहीत. मराठी लिहायला कोणी पहिलाच टर्मिनल एडिटर मागितला तर मी मायक्रो सुचवतो, हेलिक्स माझा आवडता असूनही.

पडदा पुन्हा काढायला लावा

विममध्ये कंट्रोल-एल, हेलिक्समध्ये ‘रीड्रॉ’ ही कमांड, किंवा सरळ खिडकीचा आकार थोडा बदला. ओळीच्या शेवटी उरलेली भुतं यावर गेली आणि दोन-चार अक्षरं टाइप करताच परत आली, तर रुंदीचा मतभेद आहे हे जवळजवळ ठरलं. गेली ती परत आलीच नाहीत, तर मागे चाललेल्या एखाद्या प्रोग्रामने पडद्यावर काही तरी छापलं असेल. विषय संपला.

कॅट आणि डब्ल्यूसी

आता एडिटर बाजूला ठेवा. तीच फाइल ‘कॅट’ने टर्मिनलमध्ये छापा. कॅट काही मोजत नाही, बाइट आहेत तसे पुढे ढकलतो. कॅटमध्ये ठीक आणि एडिटरमध्ये विसकटलेलं असेल, तर फाइल आणि फॉन्ट दोन्ही सुटले. पुढे रुंदीच्या तपासणीकडे जा. कॅटमध्येही तसंच दिसत असेल, तर एडिटरला दोष देण्यात अर्थ नाही.

दुसरी तपासणी मला फार आवडते, कारण ती एका आकड्यात उत्तर देते. ‘एको’ने मराठी हा शब्द छापा आणि तो पाइपमधून ‘डब्ल्यूसी’ या मोजणाऱ्या कमांडला द्या, वजाचिन्ह-एम लावून. म, र, काना, ठ, वेलांटी ही पाच, आणि ओळ संपल्याची खूण सहावी. उत्तर ६ आलं पाहिजे. १६ आलं, तर तुमच्या शेलला युटीएफ-८ कळतच नाहीये, तो नुसते बाइट मोजतोय: देवनागरीचं प्रत्येक अक्षर युटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, पाच त्रिक पंधरा आणि एक सोळा. १६ आलं की फॉन्ट वगैरे काही बघू नका, थेट लोकेलकडे जा.

टीमक्सच्या बाहेर, एसएसएचच्या बाहेर

टीमक्स (एका टर्मिनलमध्ये अनेक सत्रं चालवणारा प्रोग्राम) वापरत असाल तर तो आधी बंद करा, म्हणजे नव्या खिडकीत त्याच्याशिवाय एडिटर उघडा. कारण सरळ आहे. टीमक्स म्हणजे टर्मिनल आणि एडिटर यांच्या मध्ये बसलेला तिसरा मोजणारा. तोही प्रत्येक अक्षराला किती घरं द्यायची ते स्वतः ठरवतो. दोघांचं पटत असेल आणि मध्येच हा वेगळं मोजत असेल, तर दोष त्याचा. नुसती प्रश्नचिन्हं किंवा खालच्या रेघा येत असतील तर टीमक्स वजाचिन्ह-यू लावून सुरू करून बघा. त्याने तो युटीएफ-८ धरूनच चालतो.

तसंच एसएसएचने दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करून काम करत असाल तर तीच फाइल स्वतःच्या लॅपटॉपवर आणून उघडा. लॅपटॉपवर नीट दिसली तर सर्व्हरचं लोकेल बघायचं.

लोकेल

‘लोकेल’ एवढंच टाइप करा आणि एंटर. एलसी-सीटाइपच्या पुढे युटीएफ-८ असलेलं काही तरी दिसायला हवं. नुसतं ‘सी’ किंवा ‘पॉसिक्स’ दिसलं तर सापडला. एक बारीक गोष्ट इथे बऱ्याच जणांना चकवते: ग्लिबसीमध्ये (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीत) मराठी-भारत आणि इंग्रजी-भारत ही लोकेलं नावात युटीएफ-८ न लिहिताही युटीएफ-८ चीच असतात. त्यामुळे नावात नाही म्हणून घाबरू नका, वरची सहा-सोळाची चाचणी खरी मानायची.

सर्वांत जास्त वेळा दिसणारा प्रकार असा. लॅपटॉपवर मराठी-भारत लोकेल लावलेलं आहे. डेबियन आणि उबुंटू या लिनक्स वितरणांवर एसएसएच ही सेटिंगं आपल्यासोबत सर्व्हरवर पाठवतं. सर्व्हरवर ते लोकेल तयारच केलेलं नाही. मग सर्व्हर तक्रारीची एक ओळ छापतो, जी आपण वाचत नाही, आणि ‘सी’वर येऊन थांबतो. नॅनो, विम आणि टीमक्स लोकेल बघूनच मजकूर कसा वाचायचा ते ठरवतात, त्यामुळे तिथे मराठीची प्रश्नचिन्हं किंवा तसलंच काहीतरी होतं. निओविम मात्र आतून कायम युटीएफ-८ च वापरतो, म्हणून एकाच सर्व्हरवर एका एडिटरमध्ये नीट आणि दुसऱ्यात विसकटलेलं असंही दिसतं.

‘लोकेल वजाचिन्ह-ए’ टाइप केलं की सर्व्हरवर कोणती लोकेलं आहेत ते दिसतं. आजच्या बहुतेक वितरणांत ‘सी डॉट युटीएफ-८’ असतंच. तेवढ्या सत्रापुरतं लँग या व्हेरिएबलला ते द्या, एडिटर पुन्हा उघडा. बरं झालं तर स्वतःच्या शेलच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये ती ओळ टाका. सर्व्हर तुमचा असेल तर डेबियनवर ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर लोकेल्स’ चालवून हवं ते लोकेल तयार करा. सर्व्हर दुसऱ्याचा असेल तर खाली ‘कुठे थांबायचं’ बघा.

फॉन्ट

चौकटी दिसत असतील तर हेच. ‘एफसी-लिस्ट’ला मराठी भाषेचे फॉन्ट विचारा (विसर्गचिन्ह, लँग, बरोबर, एमआर). यादी रिकामी आली तर एखादा फॉन्ट लावा. नोटो सान्स देवनागरी, लोहित, मुक्त हे सगळे मोफत आहेत. डेबियन-उबुंटूवर ‘फॉन्ट्स-देवा’ हे एकच पॅकेज पुरतं. लावल्यावर टर्मिनल पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. नुसता नवा टॅब पुरत नाही.

टर्मिनलच्या सेटिंगमध्ये मुख्य फॉन्ट मात्र देवनागरीचा ठेवू नका. टर्मिनलला सगळी अक्षरं एकाच रुंदीची असलेला फॉन्ट लागतो, आणि देवनागरीचे असे फॉन्ट फारच थोडे आहेत. मुख्य फॉन्ट नेहमीचा राहू द्या, जी अक्षरं त्यात नाहीत ती टर्मिनल दुसऱ्या फॉन्टमधून घेतो.

फाइलच्या आत काय आहे

इथवर सगळं ठीक आणि तरी मजकूर अगम्य असेल, तर फाइलच्या पोटात बघायचं. ‘फाइल’ या कमांडला फाइलचं नाव द्या. ती युटीएफ-८ आहे की नाही ते सांगते. मग ‘एक्सएक्सडी’ने, म्हणजे फाइलचे बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या कमांडने, पहिल्या काही ओळी बघा. खऱ्या युनिकोड मराठीत ‘ई० ए४’ किंवा ‘ई० ए५’ या जोड्या दर तीन बाइटला येत राहतात. ‘म’ म्हणजे ई० ए४ एई, ‘ठ’नंतरची वेलांटी म्हणजे ई० ए५ ८०. हा ठेका दिसला की फाइल सुदृढ आहे.

ते दिसत नसून नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसत असतील, तर मजकूर जुन्या फॉन्टमधला आहे: श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी यांपैकी एखादा. मुद्रणालयातून किंवा जुन्या कार्यालयीन कागदांतून आलेल्या फाइलींत हे अजूनही सर्रास सापडतं. त्या काळी इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी आकार बसवलेला असे. फॉन्ट काढला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. कोणताही टर्मिनल एडिटर हे दाखवू शकणार नाही. परिवर्तक वापरून युनिकोडमध्ये आणावं लागतं, आणि नंतर र आणि अर्धी अक्षरं असलेले शब्द डोळ्यांनी तपासावे लागतात.

‘ई० ए४’चा ठेका आहे, पण एडिटरमध्ये युरोपीय अक्षरं दिसतात, तर एडिटरने चुकीचा अंदाज बांधला आहे. ही फाइल युटीएफ-८ समजून पुन्हा उघड, असं त्याला सांगा. येनची खूण का दिसते तर ए५ या बाइटच्या जागी लॅटिन-१ मध्ये येन आहे. ती दिसली की निदान पक्कं.

आणि ‘ईएफ बीएफ बीडी’ ही तिकडी जागोजाग दिसली तर तिथेच थांबा. ती शंकरपाळ्यातल्या प्रश्नचिन्हाचीच खूण आहे, पण आता फाइलमध्ये सेव्ह झालेली. तिच्या जागी जे अक्षर होतं ते या फाइलमधून गेलं.

रुंदीचा मतभेद

हे सगळ्यात चिवट दुखणं. यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण ते समजलं की पुढच्या खटपटीचं ओझं वाटत नाही.

टर्मिनल म्हणजे घरांचा तक्ता. १९७८ साली आलेल्या व्हीटी-१०० या यंत्रावर ८० घरांच्या २४ ओळी होत्या, आणि आपली आजची टर्मिनलं अजून त्याच यंत्राची नक्कल करतात. एक अक्षर, एक घर. इंग्रजीला हे चालतं. एडिटरला कर्सर कुठे ठेवायचा ते सांगताना ‘अमुक ओळ, अमुक घर’ असंच सांगावं लागतं, त्यामुळे त्याला आधीच्या अक्षरांनी किती घरं व्यापली ते स्वतः मोजावं लागतं. टर्मिनलही स्वतः मोजतो. दोघे एकमेकांना विचारत नाहीत.

आता ‘स्त्री’ मोजा. बाइट १८. युनिकोडचे घटक ६: स, हलन्त, त, हलन्त, र, वेलांटी. रुंदी काढायची जुनी पद्धत डब्ल्यूसीविड्थ या फंक्शनची. मार्कुस कून यांनी लिहिलेली तिची मोफत आवृत्ती पुष्कळ प्रोग्रामांत गेली. त्या पद्धतीत हलन्त, अनुस्वार, उकार, एक मात्रा यांना शून्य घरं, पण काना, दोन्ही वेलांट्या, ओकार, विसर्ग यांना स्वतःचं एक घर. त्या हिशेबाने ‘स्त्री’ला ४ घरं. नव्या पद्धतीत आधी अक्षरसमूह पाडतात. स्‌, त्‌, री असे तीन समूह. पण सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या युनिकोड १५.१ ने नियम बदलला: देवनागरीत हलन्ताने जोडलेली व्यंजनं एकाच समूहात. म्हणजे आता ‘स्त्री’ हा एकच समूह.

अठरा, सहा, चार, तीन, एक. शब्द तोच, आणि प्रत्येक आकडा आपापल्या जागी बरोबर. एडिटर तीन धरून चालला आणि टर्मिनल चार, की त्या शब्दानंतरची सगळी ओळ एक घर सरकते. पुढच्या ‘स्त्री’ला आणखी एक. ओळ लांब तितका फरक जास्त का, ते यामुळे. नवा एडिटर आणि जुना टर्मिनल (किंवा उलट) अशी जोडी असेल तर दोघे युनिकोडच्या वेगवेगळ्या आवृत्त्या धरून बसलेले असू शकतात.

तुमचा टर्मिनल कसा मोजतो ते बघायला या तीन ओळींची फाइल करा आणि कॅटने छापा:

मराठी|
.....|
...|

पहिल्या ओळीतली उभी रेघ पाच टिंबांपुढच्या रेघेच्या बरोबर वर जुळली तर टर्मिनल काना आणि वेलांटीला वेगळं घर देतोय. तीन टिंबांशी जुळली तर तो समूह मोजतोय. कुठेच जुळली नाही, तर तो चित्र काढताना घरांचा तक्ता पाळतच नाहीये, आणि त्यात कोणताही एडिटर नीट चालणार नाही. आता तीच फाइल एडिटरमध्ये उघडा आणि पहिल्या ओळीच्या रेघेवर कर्सर न्या. कर्सर रेघेवरच बसला तर दोघांचं पटतंय. अलीकडे किंवा पलीकडे बसला तर पटत नाही.

हेलिक्स अक्षरसमूह धरून चालतो आणि प्रत्येक समूहाला निदान एक घर देतोच. कर्सर एका फटक्यात ‘री’वरून पुढे जातो, काना-वेलांटी वेगळी निवडता येत नाही, मराठी माणसाला ते नैसर्गिक वाटतं.

उपाय एकच, आणि तो जरा खटपटीचा: जोडी बदलणे. अलाक्रिटी आणि एक्सटर्म हे टर्मिनल जोडाक्षरं जुळवतच नाहीत. त्यांच्यात सेटिंगं शोधण्यात वेळ घालवू नका. एमएलटर्म हा टर्मिनल भारतीय लिप्यांचा विचार करून लिहिलेला आहे. वेझटर्म, फूट, घोस्टी, कॉन्टूर या टर्मिनलांनी ‘मोड २०२७’ नावाची सोय घेतली आहे, ज्यात प्रोग्राम आणि टर्मिनल आधीच ठरवून घेतात की समूहांनी मोजायचं. विंडोज टर्मिनलनेही १.२२ पासून समूह मोजायला सुरुवात केली. यातला एक लावा, वरची तीन ओळींची चाचणी पुन्हा करा. तोवर दुसरं काही बदलू नका, नाहीतर कशाने बरं झालं ते कळणार नाही.

नवा टर्मिनल लावल्यावर सर्व्हरवर एडिटर ‘टर्मिनलचा प्रकार माहीत नाही’ अशी तक्रार करू लागला, तर त्या टर्मिनलची टर्मइन्फो नोंद (त्याला काय काय जमतं याची माहिती) सर्व्हरवर नाही. तेवढ्यापुरतं टर्म या व्हेरिएबलला ‘एक्सटर्म-२५६कलर’ देऊन काम चालतं.

शोधून न सापडणारा शब्द

‘वाऱ्यावर’ हा तिसरा शब्द मी यासाठी ठेवलाय. त्यातला अर्धा र तीन तऱ्हांनी साठवता येतो: ‘ऱ’ हे एकच अक्षर आणि हलन्त, साधा र, खाली नुक्ता आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि मागे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखे. शोधताना तिन्ही वेगळे. दोन जणांनी दोन कीबोर्डांवर लिहिलेली फाइल असली की हे होतंच.

अक्षरावर कर्सर ठेवून हेलिक्समध्ये ‘कॅरेक्टर-इन्फो’ ही कमांड द्या, विममध्ये जी आणि ए. खालच्या पट्टीत घटकांचे क्रमांक दिसतात. ०९३१ म्हणजे एकच अक्षर, ०९३० आणि ०९३सी म्हणजे र आणि नुक्ता, २००डी म्हणजे अदृश्य जोडचिन्ह. पहिल्या दोन तऱ्हा आयसीयू या युनिकोड लायब्ररीच्या ‘युकॉन्व्ह’ने एनएफसी रूपात (जोडता येतील ते घटक एका अक्षरात जोडून) आणल्या की एकसारख्या होतात. तिसरी त्याने बदलत नाही. ती शोधून हातानेच बदलावी लागते, आणि प्रत्येक जागा बघून, कारण काही शब्दांत ते चिन्ह मुद्दाम घातलेलं असतं.

कुठे थांबायचं

सर्व्हर कार्यालयाचा किंवा कॉलेजचा असेल तर लोकेल आणि एसएसएचच्या सेटिंगला हात लावू नका, परवानगी असली तरी. तिथे इतर प्रोग्राम त्याच लोकेलवर तारखा आणि आकडे छापत असतात. सर्व्हर सांभाळणाऱ्याला सहा-सोळाची चाचणी करून दाखवा. ‘मराठी दिसत नाही’ या तक्रारीपेक्षा त्या एका आकड्यावरून त्याचं काम लवकर होतं.

‘ईएफ बीएफ बीडी’ सापडली आणि दुसरी प्रत नसेल, तर त्या डिस्कवर आणखी काही लिहू नका. बॅकअप सांभाळणाऱ्याला, तो नसेल तर डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराला गाठा. ऑनलाइन मिळणारी दुरुस्तीची साधनं त्याच फाइलवर चालवू नका.

जुन्या फॉन्टमधली दहा पानं घरी बदलता येतील. संस्थेचं वीस वर्षांचं दप्तर असेल तर ते डीटीपी करणाऱ्या, तो विशिष्ट फॉन्ट माहीत असलेल्या माणसाकडे द्या. त्याच फॉन्टच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत आकारांच्या जागा बदललेल्या असतात, आणि चूक कळते ती खूप पुढे गेल्यावर.

आणि टर्मिनल बदलूनही, टीमक्स नसतानाही, तीन ओळींच्या चाचणीत कर्सर रेघेवर बसत नसेल, तर तुमच्या हातात करण्यासारखं उरलेलं नाही. मराठीचं काम तोवर ग्राफिकल एडिटरमध्ये करा, आणि एडिटर लिहिणाऱ्यांना कळवा. कळवताना त्या तीन ओळींची फाइल, टर्मिनलचं नाव आणि आवृत्ती, एडिटरची आवृत्ती, टीमक्स होता की नव्हता, आणि कर्सर किती घरं चुकला तो आकडा द्या. पडद्याचा फोटोही द्या, पण फाइल द्याच. देवनागरी न वाचणाऱ्या माणसाला फोटोवरून काही चुकलंय हेच कळत नाही, रेघ आणि टिंबं मात्र त्यालाही दिसतात.